एका रुपयाचा फरक

संध्याकाळी दुकानातील वर्दळ ओसरते आणि पेढीवर दिवसभराच्या हिशेबाला सुरुवात होते. पूर्वी जिथे लाल कापडी बांधणीच्या वह्या उघडत, तिथे आता लॅपटॉप उघडतो. जीएसटीचे विवरणपत्र भरताना चार्जर लावलेला असतो, अनवाणी पाय गार फरशीवर असतात. आणि लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर मनगट टेकताच बारीक झिणझिण्या जाणवतात. बोट हलकेच फिरवले तर गुळगुळीत पत्रा खरखरीत झाल्याचा भास होतो. कुणी म्हणते, ‘लॅपटॉप बिघडला.’ कुणी म्हणते, ‘चप्पल घालून बस, काही होत नाही.’ दोन्ही निदाने घाईची आहेत.

हिवाळ्यात दाराच्या मुठीला हात लागताच एकदाच ‘चट्’ होते, ती स्थिर वीज. लॅपटॉपच्या झिणझिण्या मात्र स्पर्श असेपर्यंत थांबत नाहीत. त्यांचा उगम बहुधा चार्जरमध्ये असतो. घरातील २३० व्होल्टच्या एसी पुरवठ्याचे रूपांतर चार्जर सुमारे २० व्होल्टच्या डीसीमध्ये करतो. या क्रियेत उठणारा विद्युत-गोंगाट इतर उपकरणांना त्रास देऊ नये म्हणून चार्जरच्या दोन बाजूंमध्ये एक लहानसा, खास सुरक्षित प्रकारचा कपॅसिटर बसवलेला असतो. त्यातून अत्यल्प प्रवाह आवरणापर्यंत झिरपतो. टू-पिन चार्जरसाठी त्याची मर्यादा सर्वसाधारणपणे पाव मिलिअँपिअर मानली जाते. तेवढा प्रवाह घातक नसतो; पण मनगटाच्या आतल्या बाजूची नाजूक त्वचा त्याची दखल घेते.

थ्री-पिन चार्जरमध्ये या झिरपणाऱ्या प्रवाहासाठी वेगळी वाट असते. लांब आणि जाड अशी तिसरी पिन म्हणजे अर्थिंग. ही वाट जमिनीपर्यंत अखंड असेल, तर आवरण सहसा शांत राहते. म्हणूनच थ्री-पिन चार्जर लावूनही झिणझिण्या येत असतील, तर संशय लॅपटॉपइतकाच भिंतीतील सॉकेटवरही घ्यावा लागतो. जुन्या बाजारपेठांतील कित्येक दुकानांत आणि वाड्यांत सॉकेटला तिसरे छिद्र दिसते, पण त्यामागे तारच नसते. कधी सॉकेट उत्तम असते. मात्र मधला एक्स्टेंशन बोर्ड किंवा टू-पिन अडॅप्टर ती वाट तोडतो.

तपासणी क्रमाने करावी. प्रथम चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. झिणझिण्या थांबल्या, तर दोष चार्जर किंवा पुरवठ्याच्या बाजूला आहे. मग प्रिंटर, मॉनिटर यांच्या तारा काढून पाहाव्यात, कारण जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची गळती एकत्र होऊ शकते. त्यानंतर तोच थ्री-पिन चार्जर, अर्थिंग खात्रीचे आहे अशा ठिकाणी थेट भिंतीतील सॉकेटला लावावा. तिथे आवरण शांत राहिले, तर पेढीतील जोडणी तपासण्याची वेळ आली आहे. तिथेही त्रास कायम राहिला, तर लॅपटॉपच्या उत्पादकाचा अस्सल चार्जर आणावा. स्वस्त नकली चार्जरमधील कपॅसिटरचा भरवसा धरता येत नाही. झिणझिण्यांऐवजी जोराचा झटका बसला किंवा चार्जरचे आवरण तडकलेले दिसले, तर वापर तत्काळ थांबवावा. साध्या टेस्टरचा दिवा निरुपद्रवी गळतीनेही लागतो. त्यावरून निर्णय करू नये.

खरा धोका लॅपटॉपचा नाहीच. ज्या तारेअभावी मनगटाला झिणझिण्या येतात, तिच्याच भरवशावर त्या घरातील गिझर, इस्त्री आणि फ्रिज चालत असतात. गिझरमधील तापणारी कांडी फुटली आणि अर्थिंग नसले, तर पूर्ण २३० व्होल्ट ओल्या हाताची वाट पाहत राहतात. काही ठिकाणी सगळ्या सॉकेटांच्या अर्थिंगच्या तारा एकमेकींना जोडलेल्या असतात, पण जमिनीपर्यंत पोहोचलेल्या नसतात. तेव्हा एका सदोष उपकरणाची वीज त्या तारांवाटे निर्दोष उपकरणांच्या आवरणातही उतरते.

म्हणून परवानाधारक वायरमनकडून अर्थिंगची मोजणी करून घ्यावी, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ परस्पर जोडण्याचा ‘सोपा उपाय’ कुणी सुचवला, तर ठामपणे नकार द्यावा: न्यूट्रलची तार तुटली की तीच जोडणी आवरणात पूर्ण दाबाची वीज आणते. अर्थिंगच्या खड्ड्यातील माती उन्हाळ्यात कोरडी पडली की तिची क्षमता घटते. तिथे अधूनमधून पाणी घालण्याची जुनी पद्धत म्हणूनच शहाणपणाची आहे.

रोजमेळात एका रुपयाचा फरक आला, तर जाणता मुनीम खिशातून रुपया टाकून वही मिटत नाही. रुपया क्षुल्लक असतो. तो कुठल्या चुकीतून आला, हे क्षुल्लक नसते. पायात रबरी चप्पल चढवून झिणझिण्या घालवणे म्हणजे खिशातला रुपया टाकणे होय. वही त्या रात्री जुळते. चूक मात्र भिंतीतच राहते.