आजी विसरतात, दोष सुनेवर येतो

ताईंनो, जेवून अर्धा तास होत नाही तोच आजी शेजारी जाऊन सांगतात, "सुनेनं जेवायलाच दिलं नाही." गाव सुनेला नावं ठेवतं. पण आजी मुद्दाम खोटं बोलत नसतात. हा म्हातारचळ नाही. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, हा मेंदूचा आजार असू शकतो.

आधी आशाताईंना सांगा. त्यांच्या सीबॅक फॉर्ममध्ये साठीपुढच्यांसाठी प्रश्नच आहे: जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? मग आजींना आरोग्य केंद्रात दाखवा. बी-१२ किंवा थायरॉईड कमी झालं तरी विसरायला होतं, आणि ते औषधानं सुधारू शकतं. डिमेन्शिया पूर्ण बरा होत नाही, पण वेळीच कळला तर सांभाळणं सोपं जातं.

ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ हा नंबर आहे. सांभाळणारीच मेटाकुटीला आली, तर टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत.

आणि आपला गट? आठवड्यातून दोन तास आळीपाळीनं आजींजवळ बसूया. तेवढ्यात सुनेचं बँकेचं, बाजाराचं काम उरकतं. ती मीटिंगला आली नाही, तर दंड लावण्याआधी एकदा तिच्या घरी जाऊन या.