धबधबा बघायला जाऊ, पण पाण्याची चाल ओळखून



श्रावण लागला की आमच्या बचत गटांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. हप्ते जमा होतात, रजिस्टरवर सह्या होतात आणि मग कोणीतरी म्हणतं, "ताई, औंदा तरी एक दिवस कुठं जाऊ या. धबधबा बघू या." त्यावर निम्म्या जणी हसतात आणि निम्म्या गप्प बसतात. गप्प बसणाऱ्यांच्या मनात घरचे काय म्हणतील हा प्रश्न असतो. आपल्याला पाणी ठाऊक आहे ते हंड्यातलं, हापशाचं, टँकरचं. पाणी नुसतं बघायला म्हणून बाईनं घराबाहेर पडायचं, हे अजून पुष्कळ घरांत चैनीचं वाटतं.

आम्हाला ती चैन वाटत नाही. वर्षभर घर, शेत, गुरंढोरं आणि वर गटाचा हिशोब सांभाळणाऱ्या बाईला एक दिवस स्वतःचा मिळायलाच हवा. पण एक गोष्ट आम्ही प्रत्येक गटाला बजावून सांगतो. सहलीत एका बाईचा पाय घसरला, तर त्याची शिक्षा तिला एकटीला होत नाही. पुढच्या वर्षी दहा गावांतल्या बायकांना "बघितलं ना काय झालं?" असं ऐकवून घरी बसवलं जातं. म्हणून धबधबा कसा तयार होतो, त्याचं पाणी कसं वागतं आणि तिथं आपण कसं वागायचं, हे आज नीट समजून घेऊ.

जायचं कुठं?

आपला जालना जिल्हा बराचसा सपाट. अजिंठ्याची डोंगररांग आपल्या उत्तरेला आहे, पण उंच कडे आणि दाट जंगल बघायचं तर शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, कन्नडकडे जावं लागतं. तिथं गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. १९८६ साली ते जाहीर झालं. क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. त्याचा काही भाग संभाजीनगर जिल्ह्यात येतो, काही जळगाव जिल्ह्यात.

कन्नडच्या बाजूनं गेलं की वरचं पठार, गौताळा तलाव, सीतान्हाणीचा धबधबा आणि पितळखोऱ्याची लेणी आहेत. घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला गेलं की डोंगराच्या पायथ्याशी पाटणादेवीचं जुनं दगडी मंदिर आहे. तिथून जंगलात चालत गेलं की केदारकुंड आणि धवलतीर्थ हे धबधबे लागतात. गटात वयस्क बायका असतील तर पाटणादेवी बरी. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्या देवीच्या ओसरीला निवांत बसतील, बाकीच्या पुढं जातील.

धबधबा होतो कसा?

याचं उत्तर विहीर खोदताना बघितलेल्या बाईला लवकर कळेल. आपल्याकडं विहीर खणताना आधी माती लागते, मग मुरूम, मग काळा पाषाण. तो फोडला की कधी मऊ, ठिसूळ, मांजऱ्या दगड लागतो आणि त्याखाली परत काळा पाषाण. असे थर का? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला भेगा पडून तापलेला लाव्हारस बाहेर आला. तो पसरला, थिजला, त्यावर पुन्हा दुसरा लोट आला. थापीवर भाकरी ठेवावी तसे हे थर एकावर एक बसले. काही कठीण झाले, काही मऊ राहिले.

डोंगराच्या कडेला हेच थर उघडे पडतात. ओढा कठीण थरावरून वाहत येतो आणि कडेवरून खाली पडतो. खालचा मऊ थर पाण्याच्या माऱ्यानं झिजतो, आत पोकळी होते. वरचा कठीण थर छपरासारखा पुढं राहतो. त्या छपरावरून पडणारी धार म्हणजे आपला धबधबा. आणि जिथं धार वर्षानुवर्षं आपटते तिथं खड्डा पडत पडत कुंड तयार होतं.

म्हणजे धबधब्याच्या वरची कड ही आतून पोखरलेली असते. पाणी तिथला दगड सारखा सुटा करत असतं. पितळखोऱ्याला याचा पुरावा दिसतो. तिथली बौद्ध लेणी सुमारे २२०० वर्षांपूर्वी कोरलेली. आपल्या पैठणच्या एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्यानं तिथं दान दिल्याचा लेख खांबावर आहे. पावसाळ्यात लेण्यांना लागूनच ओढा कोसळतो. आज त्या लेण्यांचा दर्शनी भाग बराच ढासळलेला आहे. पाणी दगडी खांबांची ही गत करतं, तिथं आपण त्याच्या वाटेत उभं राहायचं नाही.

जंगलाचं काम काय?

गौताळ्यात साग, पळस, खैर, धावडा, सालई अशी पानगळीची झाडं आहेत. उन्हाळ्यात हे जंगल वाळून गेल्यासारखं दिसतं, पण जमिनीवर पडलेला पाचोळा पावसाचं पाणी अडवतो. पाणी मुळांच्या वाटेनं जमिनीत मुरतं आणि हळूहळू ओढ्यात झिरपत राहतं. म्हणून पाऊस उघडल्यावरही धबधबा काही दिवस वाहतो. उघड्या-बोडक्या डोंगरावर मात्र पाऊस थांबला की थोड्या वेळात ओढा आटतो. जाताना माती वाहून नेतो ते वेगळंच. शेताच्या बांधावर झाडं का राखायची, याचं उत्तर इथं डोळ्यांनी दिसतं.

या डोंगरमाथ्यावर पाण्याच्या वाटणीही होतात. उत्तरेच्या कड्यावरून पडलेलं पाणी गिरणा आणि तापीच्या वाटेनं अरबी समुद्राला जातं. दक्षिणेकडं उतरलेलं पाणी गोदावरीच्या खोऱ्यात येतं. भोकरदन आणि जाफराबाद तालुक्यांतून जाणारी आपली पूर्णा नदी याच डोंगररांगेत उगम पावते आणि पुढं गोदावरीला मिळते. म्हणजे ते जंगल दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी त्याच्याशी आपलं नातं आहे.

आता एक हिशोब करू

पाटणादेवीला हिशोब करायला आणखी एक निमित्त आहे. 'लीलावती' हा गणिताचा ग्रंथ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, तिथं त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला होता. तसं सांगणारा सुमारे ८०० वर्षांपूर्वीचा शिलालेख तिथं सापडला. तेव्हा आपणही सोपं गणित करू.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. एका हेक्टरात दहा हजार चौरस मीटर असतात. म्हणजे एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस झाला की दहा हजार लिटर, एक मोठा टँकर. आता समजा, धबधब्याच्या वरच्या अंगाला १०० हेक्टर डोंगर आहे आणि तिथं तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला. झाले पाच हजार टँकर! त्यातलं निम्मं जमिनीत मुरलं असं धरलं तरी अडीच हजार टँकर पाणी त्या एका नाळेतून खाली येणार. आणि आपण त्याच नाळेच्या तोंडाशी उभ्या.

वर पाऊस पडतो तेव्हा खाली ऊन असू शकतं. कडा आड येतो, आपल्याला ढग दिसत नाही. म्हणून पाणी अचानक वाढल्यासारखं वाटतं. २०२१ साली ऑगस्टच्या अखेरीस याच डोंगरावर रात्रभर जोराचा पाऊस झाला. कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला आणि खाली चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी शिरलं. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत लहान लेकरं होती. ते ओढ्याच्या मधल्या खडकावर उभे होते. पाणी बघता बघता वाढलं आणि काठाला यायला वाट राहिली नाही.

पाणी वाढतंय हे कसं ओळखायचं?

नितळ पाणी एकाएकी गढूळ झालं, पाण्यात काटक्या-पाचोळा येऊ लागला, धबधब्याचा आवाज जड झाला किंवा मघाशी उघडा असलेला दगड बुडाला, यातली एक खूण दिसली तरी पुरे. पिशवी, चप्पल, डबा जिथं आहे तिथं टाकायचा आणि काठावरून उंचावर चढायचं. ओढ्याच्या वाटेनं खाली पळायचं नाही, कारण पाणी आपल्यापेक्षा जोरात पळतं.

खळाळतं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी माणसाचे पाय उचलतं. त्यात पाचवारी साडी भिजली की पायाला गुंडाळते. म्हणून सलवार-कमीज घाला किंवा नऊवारीचा घट्ट काष्टा घाला. पायात पट्ट्याची, तळाला खाचा असलेली चप्पल हवी. शेवाळावर गुळगुळीत चप्पल टिकत नाही.

कुंडात उतरायचं नाही. जिला विहिरीत पोहता येतं तिनंही नाही. धार पडते तिथलं पाणी माणसाला खाली ओढतं आणि फेसाळ पाण्यात अंग तरंगत नाही. धारेखाली उभं राहायचं नाही, वरून दगडही येतात. फोटो काठावरून काढायचा, पाठ पाण्याकडं करून मागं सरकत जायचं नाही.

कोणी पडलीच, तर तिच्यामागं उडी मारायची नाही. एक जुनी, मजबूत सुती साडी प्रत्येक गटानं पिशवीत ठेवावी. ती पाच-साडेपाच मीटर लांब असते. काठावर पालथं पडून तिचं एक टोक फेकायचं आणि मागच्या दोघी-तिघींनी पहिलीला घट्ट धरायचं. मदतीसाठी ११२ किंवा १०८ नंबर आहे. खोऱ्यात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून कुठं चाललो आणि किती वाजता परतणार हे चौकीवर आणि घरी सांगूनच आत जायचं.

जंगलाचे नियम

अभयारण्यात वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून, प्रवेशाचे पैसे भरूनच जायचं आणि अंधार पडायच्या आत बाहेर पडायचं. तिथं बिबट्या आणि अस्वलाचा वावर आहे. २०२१ साली तर यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ फिरत फिरत गौताळ्यात पोहोचला होता. दिवसा गटानं गेलं तर भ्यायचं कारण नाही, पण मागं एकटीनं रेंगाळायचं नाही. कड्यांना आग्या मोहोळं असतात, म्हणून धूर करायचा नाही की दगड मारायचा नाही. वेलीवर करटुली दिसली तरी तोडायची नाहीत. अभयारण्यातलं पानसुद्धा आपलं नाही. पाळी असली म्हणून कोणी घरी राहू नये. पॅड कागदात गुंडाळून पिशवीतून परत आणायचं, तसाच बाकी कचराही. आणि आत जाण्याआधी कन्नडला बसस्थानकावर सगळ्यांनी मोकळं होऊन घ्यावं.

दिवस आणि पैसा

दिवस कोणता धरायचा? आमच्या मते पोळा झाला, खुरपणी उरकली आणि सोयाबीन काढणीला यायचं आहे, तो मधला काळ चांगला. रविवार आणि सुट्टीचा दिवस टाळा, गर्दीत धक्काबुक्की होते आणि टवाळखोरही असतात. त्या दिवसांत विजांचा पाऊस बहुतेक दुपारनंतर येतो. म्हणून पहाटे निघा, दुपारपर्यंत धबधबा बघून जेवायला खाली या. आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा बघा. दामिनी ॲपवर विजेचा अंदाज कळतो. इशारा असेल तर सहल पुढं ढकला. गाडीचा इसार बुडाला तरी चालेल.

जालन्याहून संभाजीनगरमार्गे कन्नड साधारण सव्वाशे किलोमीटर आहे. भोकरदनच्या बायकांना सिल्लोडवरून जाता येतं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्या आजीला तिकीटच नाही. कन्नडपासून पुढं मिळून जीप करावी.

सहलीचा पैसा गटाच्या बचतीतून किंवा कर्जाच्या रकमेतून काढू नका. त्यासाठी वेगळी डबी ठेवा. महिन्याला २० रुपये टाकले तर वर्षाचे प्रत्येकीचे २४० रुपये होतात. ठराव लिहा, खर्च लिहा, उरलेले पैसे परत डबीत टाका. निघताना जोड्या लावा, आपल्या जोडीदारणीवर नजर ठेवा आणि गाडीत चढताना दर वेळी डोकी मोजा.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा. ज्यांच्या घरून नाही म्हणतात, त्यांच्या घरी दोघी-तिघी जाऊन बसा. कोण-कोण येणार, गाडी कोणाची, परत कधी येणार, हे कागदावर लिहून सासूबाईंच्या हातात द्या. नुसत्या विनवणीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. आणि सासूबाईंना विचारा, "आत्या, तुम्ही येता का?" पुष्कळदा त्यांनीही आयुष्यात धबधबा बघितलेला नसतो.