पिकलबॉल : जोर वाढला तरी खेळ का सुधारत नाही?

पिकलबॉल शिकायला सोपा आहे, हीच त्याची मोठी ओळख. पॅडल हातात घेतल्यावर तासाभरात कुणीही बऱ्यापैकी रॅली खेळू लागतो. मात्र काही महिन्यांनी अनेकांचा खेळ एकाच जागी थांबतो. सर्व्हिस जोरात जाते, स्मॅशही चांगला बसतो, तरीही वयाने मोठी, फारशी पळापळ न करणारी जोडी समोर आली की ११-४, ११-५ असा पराभव ठरलेला. मग महागडे पॅडल घेतले जाते, फटक्यातला जोर वाढवला जातो, निकाल मात्र तोच राहतो. असे का होते आणि त्यातून बाहेर कसे पडायचे?

जुन्या सवयी कुठे आड येतात?

हा खेळ १९६५ मध्ये अमेरिकेतील सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जन्माला आला. भारतात तो सुनील वालावलकर यांनी आणला आणि २००८ मध्ये अखिल भारतीय पिकलबॉल संघटना स्थापन झाली. आपल्याकडे या खेळाकडे वळणारे बरेच जण आधी बॅडमिंटन, टेनिस किंवा टेबल टेनिस खेळलेले असतात. त्याचा सुरुवातीला फायदा होतो, पुढे मात्र त्याच सवयी आड येतात.

पिकलबॉलचे कोर्ट बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढेच, म्हणजे ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असते. फरक नेटमध्ये आहे. बॅडमिंटनचे नेट मधोमध पाच फूट उंच असते. पिकलबॉलचे कडेला ३६ इंच आणि मध्यभागी ३४ इंच. बॅडमिंटनमध्ये शटल हवेतच आणि बहुतेकदा डोक्यावरून मारायचे असते. पिकलबॉलमध्ये चेंडू टप्पा घेऊन बऱ्याचदा गुडघ्याजवळ, नेटच्या उंचीच्या खाली मिळतो. तिथून जोरात मारलेला चेंडू वर जातो. तो एकतर कोर्टाबाहेर पडतो किंवा प्रतिस्पर्ध्याच्या छातीसमोर अलगद येतो.

कोर्टाचे गणित काय सांगते?

नेटच्या दोन्ही बाजूंना सात फुटांचा पट्टा असतो. त्यात उभे राहून चेंडू हवेतून मारता येत नाही. खेळाडू या पट्ट्याला ‘किचन’ म्हणतात. चारही खेळाडू किचनच्या रेषेवर आले की समोरासमोरचे अंतर उरते फक्त १४ फूट. ताशी ६० किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर साधारण पाव सेकंदात कापतो. तोच चेंडू बेसलाइनवरून मारला तर समोरच्या किचन रेषेपर्यंतचे २९ फूट कापायला त्याला किमान अर्धा सेकंद लागतो. म्हणजे मागून मारलेल्या फटक्याला समोरचा आरामात उत्तर देतो आणि त्याच्या फटक्याला आपल्याकडे वेळ उरत नाही.

पिकलबॉलचे सगळे डावपेच या एका गोष्टीभोवती फिरतात. जी जोडी आधी आणि सावरलेल्या स्थितीत किचन रेषेवर पोहोचते, तिचे पारडे जड राहते. त्यामुळे फटका निवडताना पहिला प्रश्न ‘याने गुण मिळेल का’ हा नसून ‘याने पुढे जायला वेळ मिळेल का’ हा असायला हवा.

सर्व्हिस आणि रिटर्न कसे असावेत?

सर्व्हिसनंतर चेंडूचा दोन्ही बाजूंना एकेक टप्पा पडायलाच हवा, असा नियम आहे. त्यामुळे सर्व्हिस करणारी जोडी लगेच पुढे धावू शकत नाही. रिटर्न करणाऱ्यावर असे बंधन नसते; तो फटका मारून थेट किचनकडे निघू शकतो. पिकलबॉलमध्ये टेनिससारखी दुसरी सर्व्हिस मिळत नाही आणि पारंपरिक गुणपद्धतीत गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या जोडीलाच मिळतो. सर्व्हिस चुकली तर ती संधी जाते. रिटर्न चुकला तर प्रतिस्पर्ध्याला थेट गुण मिळतो. अकरा गुणांच्या गेममध्ये असे दोन-तीन गुण फुकट देणे महागात पडते.

म्हणून दोन्ही फटक्यांत वेगापेक्षा खोली महत्त्वाची. सर्व्हिस बेसलाइनच्या दोन-तीन फूट आत पडली की समोरच्याला मागे राहून खेळावे लागते आणि त्याचा पुढे येण्याचा रस्ता लांबतो. रिटर्न तर थोडा उंच आणि संथ असला तरी चालतो, फक्त तो खोलवर पडायला हवा. चेंडू जितका वेळ हवेत, तितका वेळ पुढे जायला मिळतो. जोरकस रिटर्न मारून स्वतः अर्ध्या वाटेत अडकणे ही मधल्या पातळीवरची नेहमीची चूक आहे.

तिसरा फटका एवढा महत्त्वाचा का?

सर्व्हिस पहिला फटका, रिटर्न दुसरा. तिसरा फटका सर्व्हिस करणाऱ्या जोडीचा असतो आणि त्या क्षणी ती सर्वात अवघड स्थितीत असते. आपण दोघे मागे, समोरचे दोघे किचन रेषेवर. यावर उत्तर म्हणजे ‘ड्रॉप’. चेंडू हलक्या हाताने असा उचलायचा की त्याची कमान आपल्याच बाजूला सर्वात उंच असेल आणि नेट ओलांडताना तो खाली येत असेल. असा चेंडू समोरच्या किचनमध्ये पडतो. प्रतिस्पर्ध्याला तो नेटच्या खालून उचलावा लागतो आणि तेवढ्या वेळात मागची जोडी पुढे सरकते.

ड्रॉप मारताना गुडघे वाकलेले, चेंडू शरीरासमोर आणि हालचाल खांद्यातून हवी. मनगट फिरवले की कधी चेंडू नेटमध्ये जातो, कधी फूटभर उंच उडतो. प्रत्येक ड्रॉप अचूक पडेल असे नाही. समोरच्याला वरून खाली मारता आले नाही, एवढे साधले तरी तो यशस्वी मानावा.

तिसरा फटका नेहमी ड्रॉपच असावा, असेही नाही. रिटर्न आखूड आणि उंच आला असेल, तोल सावरलेला असेल, तर सपाट आणि वेगवान ‘ड्राइव्ह’ मारता येतो. तो समोरच्याच्या अंगावर मारायचा. त्याने कसाबसा अडवलेला चेंडू बहुतेकदा आखूड परततो आणि पाचव्या फटक्यावर ड्रॉप मारणे सोपे होते. रिटर्न खोल असेल आणि मागे सरकत खेळावे लागत असेल, तर ड्रॉपच बरा.

मधल्या पट्ट्यात काय करायचे?

बेसलाइन आणि किचन यांच्यामधल्या १५ फुटांत सर्वाधिक गुण गमावले जातात, कारण तिथे चेंडू पायांजवळ येतो. अनेक जण तिसरा फटका मारला की तो कसा पडला हे न पाहता धावत सुटतात. आधी फटका पाहावा. ड्रॉप चांगला पडला तर पुढे जावे. उंच राहिला तर जिथे आहोत तिथेच थांबून खाली वाकावे. प्रतिस्पर्धी चेंडू मारण्याच्या बेतात असताना तर पाय थांबलेलेच हवेत. धावता धावता पायाजवळचा चेंडू सावरता येत नाही.

अशा वेळी उपयोगी पडतो तो ‘रिसेट’. समोरून जोरात आलेल्या चेंडूला जोरात उत्तर न देता पॅडल समोर स्थिर धरून त्याचा वेग मारायचा आणि तो अलगद किचनमध्ये टाकायचा. त्यासाठी पॅडलची पकड सैल हवी आणि पॅडल मागे खेचायचे नसते. घट्ट पकडलेल्या पॅडलवरून चेंडू उसळतो, सैल हातात तो मरतो.

डिंक म्हणजे नुसता वेळ काढणे?

किचन रेषेवरून समोरच्या किचनमध्ये टाकलेल्या हलक्या फटक्याला ‘डिंक’ म्हणतात. नवख्या खेळाडूला तो कंटाळवाणा वाटतो. वरच्या पातळीवर मात्र त्यातून प्रतिस्पर्ध्याला जागेवरून हलवले जाते. तिरका डिंक जास्त सुरक्षित असतो. एकतर तो नेटच्या मधल्या, दोन इंच कमी उंचीच्या भागावरून जातो. शिवाय सरळ १४ फुटांऐवजी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत २४ फुटांहून अधिक जागा मिळते. लक्ष्य समोरच्याचा बॅकहँड किंवा त्याचे पाय असावे.

वेग कधी वाढवायचा?

यासाठी तीन प्रश्न पुरतात. चेंडू नेटच्या वर आहे का? स्वतःचा तोल सावरलेला आहे का? कुठे मारायचे हे ठरले आहे का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तरच हल्ला करावा. एकही ‘नाही’ असेल तर आणखी एक डिंक. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा खांदा किंवा उजवी कंबर हे चांगले लक्ष्य, कारण तिथे आलेला चेंडू खेळताना कोपर अडकते. मारल्यानंतर पॅडल लगेच छातीसमोर आणायचे, कारण चेंडू पाव सेकंदात परत येणार असतो. हवेतून मारताना किंवा त्यानंतर तोल जाऊन पाय किचनमध्ये गेला तरी फाउल होतो, हेही विसरू नये.

कोणता चेंडू सोडायचा हे ओळखणेही तितकेच मोलाचे. किचन रेषेवर उभे असताना खांद्याच्या उंचीला वेगाने वर जाणारा चेंडू बहुधा बाहेर पडतो. तो खेळून प्रतिस्पर्ध्याची चूक सुधारून देऊ नये.

जोडीदाराबरोबर कसे खेळायचे?

दुहेरीत दोघे एकाच दोरीला बांधल्यासारखे सरकले पाहिजेत. चेंडू डाव्या कोपऱ्यात गेला तर दोघांनीही डावीकडे सरकायचे. एक पुढे आणि एक मागे राहिला की मधून मोठी वाट उघडी पडते. दोघांच्या मधला चेंडू कुणाचा, हे खेळ सुरू होण्याआधी ठरवावे. साधारणपणे ज्याचा फोरहँड मध्यभागी येतो त्याने तो घ्यावा. ‘माझा’, ‘तुझा’, ‘सोड’ हे तीन शब्द वेळेवर उच्चारले तरी कित्येक गुण वाचतात. प्रतिस्पर्ध्याच्या बाजूनेही हेच लागू. कुठे मारायचे हे सुचत नसेल तर दोघांच्या मधोमध मारावे. तिथे नेट सर्वात खाली असते, चेंडू कडेबाहेर जाण्याचा धोका नसतो आणि समोरचे दोघे गोंधळतात.

सराव कसा करावा?

फक्त गेम खेळत राहिल्याने सवयी सुधारत नाहीत, त्या पक्क्या होतात. गेमआधीची वीस मिनिटे सरावाला द्यावीत. ड्रॉपचा सराव किचन रेषेपासून सुरू करावा आणि चार-पाच चेंडू नीट पडले की दोन पावले मागे जात बेसलाइन गाठावी. अर्ध्या कोर्टावर दोघांत खेळायचा ‘सात-अकरा’ हा प्रकारही उपयोगी आहे. एक जण किचन रेषेवर, दुसरा बेसलाइनवर. पुढच्याला जिंकायला अकरा गुण लागतात, मागच्याला सात. मागचा खेळाडू यातून ड्रॉप, थांबणे आणि रिसेट हे तिन्ही शिकतो.

जमल्यास एका गेमचे मोबाइलवर चित्रीकरण करावे आणि गमावलेला प्रत्येक गुण कशामुळे गेला ते लिहावे : सर्व्हिस, रिटर्न, तिसरा फटका, घाईचा हल्ला की बाहेर जाणारा चेंडू. जिथे सर्वाधिक खुणा दिसतील, तेवढ्याच गोष्टीवर पुढचे दोन आठवडे काम करावे. डीयूपीआर या २ ते ८ च्या पट्टीवर खेळाडूचे मानांकन सामन्यांच्या निकालांवरून ठरते. त्यातला आकडा हलतो तो टाळलेल्या चुकांनी. सुंदर फटके त्यानंतर येतात.

शरीर कसे सांभाळायचे?

कोर्ट लहान असल्याने दुखापत होणार नाही, असा समज असतो. डोक्यावरून गेलेल्या लॉबसाठी उलट पावलांनी मागे धावणे सर्वात धोक्याचे, कारण तोल जाऊन माणूस पाठीवर किंवा मनगटावर पडतो. लॉब दिसताच अंग वळवून धावावे. पोहोचता येत नसेल तर चेंडू सोडावा. धावण्याचे बूट बाजूच्या हालचालींना आधार देत नाहीत, त्यामुळे कोर्टचे बूट हवेत. शेजारच्या कोर्टवरचा चेंडू आत आला तर ओरडून खेळ थांबवावा. सतत घट्ट पकडीने कोपरावरही ताण येतो. सैल पकड, वाकलेले गुडघे आणि थांबलेले पाय या सवयी खेळ सुधारतात, तशाच साठीनंतरही कोर्टवर टिकून राहायला मदत करतात.