पाळीव प्राणी : विधीतील स्थान

सोबतीसाठी, राखणीसाठी वा हौसेने घरी बाळगलेले कुत्रा, मांजर इ. प्राणी भारतीय विधीच्या दृष्टीने धन्याची जंगम मालमत्ता होत. त्यांची विक्री होते, ते दान देता येतात, वारशानेही मिळतात. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) चोरीविषयक ३७८ व्या कलमाखाली एक दृष्टांत होता : खिशात आमिष ठेवून परक्याचे कुत्रे अप्रामाणिकपणे पळवू पाहणारा इसम, ते त्याच्यामागे चालू लागताच चोर ठरे. प्राणी ठार मारणे वा जायबंदी करणे ही त्या संहितेत मालमत्तेविरुद्धची ‘आगळीक’ होती. ४२८ व्या कलमासाठी प्राण्याची किंमत निदान दहा रुपये असावी लागे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाने किंमतीची अट गाळली. अपराध मात्र मालमत्तेच्याच प्रकरणात राहिला.

लोकाचार याहून वेगळा आहे. विदर्भात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोण्याने मळून त्याला जेवणाचे आवतन देतात आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळी खाऊ घालतात. तोच बैल पुढे बाजारात विकलाही जातो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (१९०८) ६० व्या कलमाने शेतकऱ्याची आवश्यक जनावरे जप्तीतून वगळली, ती उपजीविकेचे साधन म्हणून; माया हे त्याचे कारण नव्हे. घरच्या कुत्र्यास ती सूट नाही.

तथापि हे स्वामित्व निरंकुश नाही. स्वतःची खुर्ची मोडणाऱ्यास कोणी जाब विचारीत नाही. प्राण्यास उपाशी ठेवणाऱ्यास १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम विचारतो आणि प्रसंगी न्यायालय तो प्राणी धन्याकडून काढूनही घेऊ शकते. कौटुंबिक नात्याचा विचार न्यायालयांत क्वचितच होतो. डिसेंबर २०२२ मध्ये रस्त्यावरील अपघातात कुत्रा दगावल्याच्या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने, मालक कुत्र्यामांजरांना अपत्यवत मानीत असले तरी ती माणसे नव्हेत, म्हणून माणसांच्या जीवितासंबंधीची कलमे येथे लागत नाहीत, असे ठरविले. उलट २०२३ मध्ये वांद्रे येथील दंडाधिकाऱ्यांनी एका पत्नीची अंतरिम पोटगी ठरविताना तिच्या तीन कुत्र्यांचा खर्च विचारात घेतला. अर्थात हक्क मिळाला तो पत्नीला.

खरी अडचण धनी नसलेल्या कुत्र्यांविषयी आहे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी नागपूर व परिसरात मोकाट कुत्र्यांना सार्वजनिक जागी खाऊ घालण्यास मनाई केली. ज्यांना खाऊ घालावयाचे असेल त्यांनी कुत्रे दत्तक घेऊन घरी न्यावे व महानगरपालिकेत नोंदवावे, अथवा निवाऱ्यात ठेवावे, असा आदेश होता. उल्लंघनास कमाल २०० रुपये दंड होता. ‘दत्तक’ हा शब्द कुटुंबातला. परंतु येथे त्याचा परिणाम स्वामित्वाचा, म्हणजे लस, नोंदणी व चाव्याच्या जबाबदारीचा होता. भाकर घालणारा आणि धनी यांत कायद्याला जे अंतर दिसते, ते या आदेशाने पुसू पाहिले. सर्वोच्च न्यायालयाने १६ नोव्हेंबर २०२२ रोजी दत्तकाच्या या सक्तीस स्थगिती दिली.

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव प्राण्यांचे लसीकरण व निर्बीजीकरण धन्यावर, तर रस्त्यावरील प्राण्यांचे स्थानिक संस्थेवर सोपविले. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर खाऊ घालण्यास मनाई करून त्यासाठी ठराविक जागा नेमण्यास सांगितले. दत्तक घेणे ऐच्छिक ठेवले, मात्र दत्तक नेलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदारावर टाकली.