मुखाचे आरोग्य आणि मनाचा एकटेपणा

लग्नाची पंगत बसलेली असते. आळीतील सत्तरीचे एक गृहस्थ मात्र आमंत्रण असूनही आलेले नसतात. विचारले तर 'पोट बरे नव्हते' असे सांगतात. खरे कारण पोटात नसून तोंडात असते. पुढचे दात गेलेले, दाढा हलणाऱ्या. चारचौघांत नुसता वरणभात चिवडीत बसण्याची त्यांना लाज वाटते. असे गृहस्थ, आणि तोंडावर पदर धरून बोलणाऱ्या आजीबाई, आपल्या प्रत्येक आळीत आहेत. दात गेल्याने माणूस एकटा पडतो काय, आणि एकटा पडल्याने त्याचे दात जातात काय, हा प्रश्न आज आम्ही श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

तोंडाची कामे तीन: खाणे, बोलणे आणि हसणे. तिन्ही कामे माणूस बहुधा दुसऱ्याच्या सोबतीने करतो. बोलण्याचेच पाहा. आपल्या व्याकरणकारांनी त, थ, द, ध यांना दंत्य वर्ण म्हटले ते उगीच नव्हे. हे वर्ण उच्चारताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकते. 'स'ची शीळ दातांच्या कडेवरून निघते. दातच नसतील तर शब्द फसफसतात, ऐकणारा 'काय म्हणालात?' असे पुन्हा पुन्हा विचारतो, आणि बोलणारा हळूहळू बोलणेच कमी करतो. हसण्याला तर आपण 'दात काढणे' असेच म्हणतो! ज्याला दात दाखवावयाचा संकोच, तो हसणार कसा?

हा प्रश्न थोडक्या लोकांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगातील साठीच्या पुढील लोकांपैकी सुमारे २३ टक्के लोकांच्या तोंडात एकही दात उरलेला नाही. त्याच संघटनेने नेमलेल्या आयोगाने २०२५ मध्ये सांगितले की, जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो. इंग्लंडात पन्नाशीच्या पुढील लोकांची वर्षानुवर्षे पाहणी चालू आहे. तीत असे दिसले की, ज्यांना तोंडाच्या तक्रारींमुळे खाण्याबोलण्यात अडचण येई, त्यांना पुढील काळात एकटेपणा जाणवण्याचा संभव अधिक होता.

आता उलट बाजू पाहू. चीनमध्ये पासष्टीच्या पुढील चार हजारांहून अधिक लोकांची २०११ ते २०१८ या काळात पाहणी झाली. ज्यांचे लोकांत येणेजाणे तुटले होते, त्यांचे दात इतरांपेक्षा सरासरीने दोनांनी कमी होते आणि ते पडण्याचा वेगही अधिक होता. गंमत अशी की, नुसते मनाला एकटे वाटण्याचा दातांच्या संख्येशी तसा संबंध आढळला नाही. अर्थात मनाची खंत वेगळी आणि माणसांचा सहवास तुटणे वेगळे.

सहवासाने दात कसे टिकतात, हे समजणे अवघड नाही. घरात कोणी असले की स्वयंपाक होतो. एकट्याचे चहा-बिस्किटांवर भागते आणि गोड चिकट कण दातांच्या फटीत राहतात. त्यांवर जंतू वाढतात, आम्ल तयार होते व दात किडतो. हिरड्यांच्या कडेला साचलेला थर काढला नाही तर हिरड्या सुजतात, आतील हाड झिजते आणि निरोगी दिसणारा दातही हलू लागतो. त्यात तंबाखू वा मशेरीची सोबत असेल तर मग विचारूच नका. रक्तदाबावरील व उदासीनतेवरील कित्येक औषधांनी लाळ कमी होते, आणि लाळ हीच तर दातांची राखणदार. 'तुमच्या तोंडाला वास येतो, दाखवून या' असे प्रेमाने सांगणारेही कोणी लागतेच.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. दारिद्र्य दातही नेते आणि माणसेही दूर करते. म्हणून सर्वच दोष दातांवर वा एकटेपणावर लादणे बरोबर नाही. तथापि दोन्हींचे दुष्टचक्र आहे, एवढे निश्चित.

हे चक्र तोडता येते काय? दात टिकविण्याच्या बाबतीत तरी जपानचा अनुभव आशादायक आहे. तेथे १९८९ मध्ये 'ऐंशीव्या वर्षी वीस दात' अशी मोहीम सुरू झाली. त्या वेळी हे साधणारे वृद्ध अगदी थोडे होते. २०१६ च्या पाहणीत ते निम्म्याहून अधिक निघाले. म्हणजे म्हातारपणी दात जावयाचेच, ही आपली समजूत काही विधिलिखित नव्हे.

आपणही काही करू शकतो. रात्री निजण्यापूर्वी दात घासावेत, तंबाखू सोडावी, कवळी रोज धुवावी व रात्री काढून ठेवावी. कवळी महाग वाटत असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, तेथे चौकशी करावी. परंतु सर्वांत सोपा उपाय शेजाऱ्याच्या हातात आहे. पंगतीला न आलेल्या त्या गृहस्थांना 'पोट कसे आहे?' असे विचारून परत फिरू नये. त्यांच्यासाठी मऊ भात वाढून त्यांच्याजवळ बसावे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना दंतवैद्याकडे आपणच घेऊन जावे. दात बसविणे वैद्याचे काम. माणसाला पुन्हा पंगतीत बसविणे हे आपणा सर्वांचे काम आहे.