कातीपासून मोजलेले दिवस

संपादकांना जगावेगळ्या धंद्यांवर लेख हवा होता, म्हणून शिकागोजवळच्या एका घराच्या तळघरात मी उतरलो. तिथं एक बाई बोआ कन्स्ट्रिक्टरची पैदास करतात.

लिनियसनं १७५८ साली नाव दिलेला हा अमेरिका खंडातला साप. पाळीव बोआंपैकी पुष्कळांचे पूर्वज कोलंबियातून आले. मग रंगांचं वेड सुरू झालं. काल आणि शार्प हे दोन अल्बिनो वंश प्रसिद्ध आहेत. दोन्हींतला दोष वेगवेगळ्या जनुकांतला, त्यामुळे त्यांची आपसांत जोडी लावली तर पिल्लं नेहमीच्याच रंगाची निघतात. बाई यावर तासभर बोलल्या असत्या. माझं लक्ष मात्र त्यांच्या वहीकडे होतं.

आपला अजगर अंडी घालतो; बोआ मांडूळ-घोणशीसारखा थेट पिल्लांना जन्म देतो. त्यामुळे अंडी उबवायची पेटी इथं नाहीच, पेटीचं काम आईच्या अंगावर. पिंजऱ्याच्या एका टोकाला बत्तीस अंशांच्या आसपास ऊब, दुसरं टोक गार. हिवाळ्यात रात्रीचं तापमान थोडं उतरवायचं आणि नर आत सोडायचा. नराच्या शेपटीच्या मुळाशी दोन नख्या असतात, लोप पावलेल्या मागच्या पायांच्या उरलेल्या खुणा. त्यांनी तो मादीच्या कुशी खाजवत राहतो. पुढं कधीतरी मादीचं पोट मधोमध फुगतं, जणू नुकतंच मोठं भक्ष्य गिळलंय. हे सुमारे दिवसभरच टिकतं. पाहायचं राहिलं तर राहिलं. काही आठवड्यांनी ती कात टाकते. वहीत लाल शाईनं लिहिलेली तारीख ती हीच. तिथून साधारण साडेतीन महिन्यांनी बाळंतपण. मधल्या काळात बाईंनी करण्यासारखं फार थोडं. कुठं किती शेकायचं ते गाभण मादी स्वतः ठरवते, बऱ्याचदा खाणंही सोडते. बाईंनी फक्त थर्मोस्टॅट बिघडू द्यायचा नाही. पातळ पडद्यातून वीस-पंचवीस पिल्लं बाहेर येतात, सोबत न फळलेल्या बलकाचे पिवळे गोळेही. कधी गोळेच जास्त.

नराविनाही बोआला पिल्लं होतात, हे २०१० साली जाहीर झालं. सगळ्या माद्याच. त्या कोड्याचा माग काढताना २०१७ मध्ये कळलं, की बोआंची लिंगगुणसूत्रं पाठ्यपुस्तकातल्या सापांसारखी नाहीत. आपल्यासारखी एक्स-वाय आहेत. इतकी वर्षं पाळलेल्या प्राण्याबद्दल एवढं मूलभूत काही ठाऊक नसावं, याची मला गंमत वाटली.

बाईंना वाटली नाही. त्यांच्या डोक्यात आयबीडी नावाचा सापांचा रोग होता. या रोगामागचा विषाणू २०१२ साली सापडला. औषध नाही, लस नाही. अजगर त्यानं लवकर मरतात. बोआ वर्षानुवर्षं धडधाकट दिसू शकतो आणि मादीकडून पिल्लांत रोग उतरतो. म्हणून या तळघरात अजगर ठेवत नाहीत. नवा साप सहा महिने वेगळ्या खोलीत राहतो, त्याच्या पाण्याच्या भांड्याला दुसऱ्या खोलीत हात लावायचा नाही, रक्त तपासल्याशिवाय जोडी नाही.

इतकं करूनही मागच्या हंगामात एका जुन्या मादीचा अहवाल वाईट आला. उंदीर वेळेवर खाणारी, अंगानं भरलेली. तिला डॉक्टरांकडून मरण द्यावं लागलं. तिची आधीची पिल्लं केव्हाच विकली गेली होती. बाईंनी वहीतून गिऱ्हाइकांचे नंबर काढले आणि एकेकाला फोन लावला. काहींनी शिव्या घातल्या, काहींनी फोन उचललाच नाही. एकानं विचारलं, साप बदलून मिळेल का?