मोटरसायकलच्या इंजिनाचे आयुर्मान : चालविण्याच्या सवयी आणि वंगणतेल यांचा परस्परसंबंध

प्रस्तावना

महाराष्ट्रातील ग्रामीण व निमशहरी कुटुंबांत मोटरसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. दूध संकलन केंद्रावर पोहोचविणे, मुलांना शाळेत सोडणे, औद्योगिक वसाहतीतील पाळी गाठणे, बाजाराचा माल आणणे ही सारी कामे तिच्यावर अवलंबून असतात. त्यामुळे इंजिनाचे काम अकाली निघणे हा केवळ यांत्रिक बिघाड नसतो. कुटुंबाच्या अर्थकारणाला बसलेला तो फटका असतो. एकाच कंपनीच्या, एकाच वर्षी घेतलेल्या दोन गाड्यांपैकी एक वर्षानुवर्षे निर्दोष चालते आणि दुसरी लवकरच निळसर धूर सोडू लागते. हा फरक बहुधा नशिबावर किंवा ‘गाडीच तशी निघाली’ या समजावर ढकलला जातो. वास्तविक त्याची कारणे चालविण्याच्या सवयी आणि वंगणतेल यांच्या परस्परसंबंधात शोधावी लागतात. त्यांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी

पूर्वीच्या टू-स्ट्रोक गाड्यांत वंगणतेल पेट्रोलमध्ये मिसळले जाई आणि त्याच्याबरोबरच जळून जाई. दर वेळी ताजे तेल मिळत असल्याने इंजिनातील तेल जुने होण्याचा प्रश्नच नव्हता. १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी-१०० ही ९७.२ घन सेंटिमीटर क्षमतेची फोर-स्ट्रोक गाडी भारतात आली. पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तसा हाच प्रकार सर्वत्र रूढ झाला. फोर-स्ट्रोक इंजिनात साधारण एक लिटर तेल पुन:पुन्हा फिरत राहते. बहुसंख्य भारतीय मोटरसायकलींत हेच तेल इंजिन, क्लच व गिअर या तिन्हींना पुरवावे लागते. मोटारीत इंजिन व गिअर यांची तेले निराळी असतात. मोटरसायकलीतील थोडक्या तेलावर मात्र तिहेरी भार पडतो. हे वेगळेपण ध्यानात घेतल्याशिवाय पुढील विवेचनाचा अर्थ लागत नाही.

झीज कशी होते?

परस्परांवर घासणाऱ्या दोन धातूंमध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो. जर्मन अभियंता रिचर्ड श्ट्रिबेक याने १९०२ मध्ये दाखवून दिले की, घर्षण हे वेग, भार आणि तेलाची दाटता यांच्या मेळावर अवलंबून असते. वेग पुरेसा असला की भाग तेलावर जणू तरंगतात. वेग अत्यल्प किंवा भार अतिरिक्त झाला की पापुद्रा फाटतो आणि धातू धातूला स्पर्श करतो. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, प्रत्येक फेरीत वरच्या व खालच्या टोकाला क्षणभर थांबतो. म्हणूनच सिलिंडरची झीज वरच्या टोकाशी सर्वाधिक आढळते.

चालविण्याच्या सवयी

पहिली सवय थंड इंजिनाविषयीची आहे. रात्रभर उभ्या गाडीतील तेल खाली उतरलेले असते. इंजिन सुरू होताच मूठ पिळून ‘रेस’ करणे म्हणजे तेल सर्वत्र पोहोचण्यापूर्वीच भागांना धावावयास लावणे होय. थोडा वेळ मंद गतीने इंजिन चालू ठेवून पहिले एक-दोन किलोमीटर सौम्यपणे चालविणे हितावह ठरते. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत चोक दीर्घकाळ ओढून ठेवल्यास जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन काढते आणि खाली उतरून उरलेले तेल पातळ करते.

दुसरी सवय गिअरसंबंधी आहे. पेट्रोल वाचेल या समजुतीने वरच्या गिअरमध्ये अगदी कमी वेगाने, इंजिन थरथरत असतानाही, गाडी ओढत नेली जाते. अशा वेळी वेग कमी व भार जास्त, म्हणजे पापुद्रा फाटण्याची नेमकी स्थिती निर्माण होते. याउलट खालच्या गिअरमध्ये इंजिन सतत ताणणेही घातक असते. सीडी-१०० च्या इंजिनात दट्ट्याची चाल ४९.५ मिलिमीटर आहे. मिनिटाला ४००० फेऱ्या होत असता दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदाला ६.६ मीटर असतो. ८००० फेऱ्यांना तो १३.२ मीटर होतो. वेग दुप्पट झाला तरी दट्ट्याच्या जडत्वामुळे येणारा ताण मात्र चौपट होतो.

तिसरी सवय अर्धा क्लच दाबून चालविण्याची. गर्दीत किंवा चढावर ती सहज जडते. घासल्या गेलेल्या क्लचप्लेटांची भुकटी व उष्णता थेट इंजिनाच्याच तेलात मिसळते. क्लच खराब झाला एवढाच हिशेब केला जातो. त्याने तेलही खराब केले, हे लक्षात येत नाही.

तेलाचे जुने होणे

तेल तीन प्रकारे जुने होते. उष्णतेने त्याचे ऑक्सिडीकरण होऊन ते घट्ट व आम्लधर्मी बनते. गिअरच्या दात्यांत चिरडले गेल्याने त्याची दाटता टिकविणारे घटक तुटतात. तिसरे कारण पाण्याचे. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळाले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. त्यातील अल्पसा भाग रिंगांतून निसटून तेलात उतरतो. इंजिन पुरेसे तापले तर ही वाफ निघून जाते. न तापल्यास ती तेलातच राहते आणि तेल मळकट दुधाळ दिसू लागते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. समजा, एक गाडी गावातल्या गावात २ किलोमीटरच्या सहा फेऱ्या रोज करते आणि दुसरी ४० किलोमीटरवरील कारखान्यात जाऊन येते. ३००० किलोमीटर पूर्ण करण्यास पहिलीला २५० दिवस व १५०० वेळा इंजिन सुरू करावे लागते. दुसरीला सुमारे ३८ दिवस व ७५ वेळा. मीटरवरील आकडा एकच. परंतु पहिलीच्या तेलाने सोसलेला त्रास कितीतरी अधिक आहे. ‘आमची गाडी फारशी चालतच नाही’ म्हणून तेल बदलणे पुढे ढकलणारा मालक नेमका येथेच फसतो. कंपनीच्या पुस्तिकेतील किलोमीटरचा टप्पा ही कमाल मर्यादा समजावी. छोट्या फेऱ्या, धुळीचे रस्ते वा गर्दीतील वापर असल्यास तेल त्याआधीच बदलावे.

निवड आणि गैरसमज

तेलाची दाटता (उदा. १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५०) पुस्तिकेप्रमाणेच असावी. ‘दाट तेल चांगले’ हा समज चुकीचा आहे. थंड असताना ते उशिरा पोहोचते. तेलात बुडालेल्या क्लचसाठी ‘जासो एमए’ वा ‘एमए-२’ हे चिन्ह पाहावे. मोटारीच्या काही तेलांतील घर्षण कमी करणारी रसायने क्लच घसरविण्यास कारणीभूत होतात. तेल काळे होणे हा दोषच असतो असे नव्हे. काजळी तरंगत ठेवणे हे चांगल्या तेलाचे कामच आहे. कमी झालेले तेल वरून भरणे म्हणजे तेल बदलणे नव्हे, कारण जुनी घाण आतच राहते. एअर फिल्टरकडेही दुर्लक्ष नसावे. धुळीतील क्वार्ट्झचे कण सिलिंडरच्या बिडाहून कठीण असतात आणि तेलात मिसळून ते पॉलिशपेपरसारखे काम करतात. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात आलेल्या महापुरांसारख्या प्रसंगी बुडालेली गाडी किक मारून पाहणे धोक्याचे असते. सिलिंडरमधील पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी पाणी काढून तेल बदलणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष

सवयी व तेलबदल ही दोन स्वतंत्र कारणे नाहीत. सवयी तेलाचे आयुष्य ठरवितात आणि तेल इंजिनाचे. चांगल्या तेलाने वाईट सवयी भरून निघत नाहीत. तसेच उत्तम चालकाचे कौशल्य संपलेल्या तेलापुढे निष्प्रभ ठरते. बोअर करून पिस्टन व रिंगा बदलण्याचा खर्च, त्यात बुडणारी मजुरी आणि गाडीविना जाणारे दिवस यांच्या तुलनेत एक लिटर तेलाचे मूल्य नगण्य आहे. आठवड्यातून एकदा गाडी सरळ उभी करून तेलाची पातळी पाहणे आणि तेल बदलल्याची तारीख व किलोमीटर वहीत नोंदविणे, एवढ्या शिस्तीनेही घरातील हे कमावते साधन दीर्घकाळ कार्यक्षम राहू शकते.